मागल्या दाराची टाळी

आमच्या साताऱ्याच्या घरात मागल्या दाराला उभं राहून कुणाला नावानं हाक मारायची नाही, हे मला लग्नानंतर आठवड्याच्या आत कळलं, आणि तेही ओरडा खाऊन. मी परसात भांडी घासत होते. नणंद तेव्हा शाळेत जायची. तिला बादली आणायला सांगावी म्हणून मी दारात जाऊन तिच्या नावानं चांगली खणखणीत हाक मारली. माझं माहेर कवठे महांकाळकडचं. आमच्याकडं घरं लांबलांब, माणूस रानात असतं, हाक मारायची तर ती पोचली पाहिजे. सासूबाई आतून धावत आल्या आणि ओल्या हातानं माझं तोंडच दाबलं.

"इथं नाव घ्यायचं नाही."

"का?"

"ओ येते."

"कुणाची?"

"ते विचारायचं नसतं. कुणाला बोलवायचं असलं की दोन टाळ्या वाजवायच्या. बस्स."

आता बोला! मी मनात म्हटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी. रात्री नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, "आमच्याकडं पहिल्यापासून तसंच आहे," आणि कूस बदलून झोपले. आमच्या ह्यांचं सगळ्याच गोष्टींना हे एकच उत्तर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, म्हणजे विचारायला दुसरं कुणी नव्हतंच.

घर तसं जुनाट वगैरे अजिबात नव्हतं. जुनं पाडून त्याच जागेवर स्लॅबचं बांधलेलं, मोझॅकच्या फरश्या, गच्चीवर पाण्याची टाकी. फक्त मागलं दार तेवढं जुन्याच घराचं. गवंडी तिथं भिंत घालणार होता, पण सासूबाई आडव्या आल्या आणि जुनी सागवानी चौकट पायरीच्या दगडासकट जिथल्या तिथं बसवून घेतली. चौकट इतकी बुटकी की वाकल्याशिवाय बाहेर पडता यायचं नाही. माझं कपाळ पहिल्या वर्षात कितीदा आपटलं असेल, देव जाणे. सासूबाई मात्र दाराकडं न बघता नेमक्या वाकायच्या.

माझा बहुतेक दिवस त्या दाराच्या आसपासच जायचा. भांडी तिथं, धुणं तिथं, निवडण-टिपण तिथं. त्यामुळं मला हाक म्हणजे टाळीच. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं, आवडलंही होतं मला ते, पण वापर कुठं झाला तर रेशनकार्डावर. दोन टाळ्या वाजल्या की मी "आले, आले" करत उठायचे. पहिल्यांदा लय राग यायचा. मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर राग कुठं गेला ते कळलंसुद्धा नाही.

वर्षातून एकदा, सर्वपित्रीला, त्या दाराबाहेर एक पान ठेवायचं असायचं. पितरांचं, गाईचं, कावळ्याचं सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी. पायरीवर पान ठेवायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि मागं न बघता आत यायचं. पान कुणाचं, तर "तिचं". मी धरून चालले की असेल कुणी बाळंतपणात गेलेली, नाहीतर विहिरीत पडलेली. प्रत्येक घरात अशी एखादी असतेच.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही. माझंही नाही. का, ते पुढं कळेलच.

नणंद पुण्याला सिनेमाचं शिकायला गेली तेव्हा सासूबाई शेजारीपाजारी सांगायच्या, "कॅमेऱ्याचा कोर्स करते." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी फोटो स्टुडिओ काढणार. मी तिला चेष्टेनं "वन्सं" म्हणायचे, ती मला वहिनीच म्हणायची. आमचं दोघींचं मेतकूट होतं. तिच्या आईला सगळ्यांत प्रिय तीच, हे सांगायला नको. पोरगी सुट्टीला येणार म्हटलं की सासूबाई चार दिवस आधीपासून डबे घासायला काढायच्या.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं असतील. एका उन्हाळ्यात ती आली ती तीन पायांचं स्टँड, काळ्या पेटीत कॅमेरा आणि खांद्याला लटकवायचा टेपरेकॉर्डर घेऊनच. जेवताना म्हणाली, "आई, मला कुणबिणीवर फिल्म करायचीय."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. मला शब्द ऐकून माहीत होता, शिवी म्हणून. आमच्याकडं बायका भांडताना म्हणतात, मी काय तुझी कुणबीण हाय व्हय गं. त्यापलीकडं मी कधी विचार केला नव्हता. नणंदेनं सांगितलं. पेशवाईत, त्याच्या आधीही, बायका विकत घ्यायचे. दुष्काळात आईबाप विकायचे, लढाईत धरून आणायचे. त्या पागेत, कोठीत, घराघरांत राबायच्या, त्यांना झालेली पोरंसुद्धा मालकाची. पुढं कायद्यानं बंद झालं, पण ज्या घरात होत्या त्या तिथंच राहिल्या, कारण जाणार कुठं? ती हे सगळं अगदी शांतपणे सांगत होती आणि माझ्या पानातली आमटी गार होत होती.

मग तिनं आईकडं वळून विचारलं, "आपल्या मागल्या दारची कोण होती?"

"आपलीच होती."

"आपली म्हणजे नात्यातली?"

"नात्यातली कशी असेल? आणलेली."

"कुठून आणलेली?"

"आणलेली म्हणजे आणलेली! म्हैस आणतात तशी. जेव मुकाट्यानं."

मी मागल्या दाराकडं बघितलं. दार उघडंच होतं, उन्हाळ्यात उघडंच असायचं. त्या दिवसापर्यंत मला त्याची भीती वाटायची ती भुताची वाटते तशी, थोडी मजेची. त्या दुपारी वाटली ती वेगळी होती. इतकी वर्षं आपण जिला भूत म्हणत होतो ती बाई होती, आणि तिला पैसे मोजून आणलं होतं, या घरात, जिथं मी वरण-भात जेवत बसले होते.

सासूबाईंनी परवानगी दिली, पण कशीबशी. पोरीचं मन मोडवेना. "काय काढायचं ते काढ," त्या म्हणाल्या, "पण मागल्या दाराला नावानं हाक मारायची नाही. एवढं पाळ."

नणंदेचं म्हणणं असं होतं की या बाईचं चित्र नाही, फोटो नाही, नाव नाही. मग कुणाला तरी लुगडं नेसवून, डोक्यावर पाटी देऊन ती कुणबीण म्हणून दाखवायची, हे खोटं आहे. "मी तिला दाखवणार नाही. तिचं काम दाखवणार." मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, कंबर मोडेपर्यंत.

माळ्यावरचं जातं तिनं परसात उतरवलं. मी जात्याशी बसायचं, खुंटा बोटभर फिरवायचा आणि उठून बाजूला व्हायचं. मग ती वायरचं बटण दाबायची, टक. पुन्हा यायचं, बोटभर फिरवायचं, चिमूटभर पीठ खाली सारायचं, बाजूला व्हायचं. टक. म्हणजे पडद्यावर जातं आपलं आपणच फिरणार, पीठ आपलं आपणच पडणार. तसंच केरसुणीचं, तसंच बादलीचं. माझी सावलीसुद्धा आलेली चालायची नाही. ऊन कलायला लागलं की ती ओरडायची, "वहिनी, अजून मागं, अजून मागं हो." मी मागं सरकत सरकत पार पेरूच्या झाडाला टेकायचे.

"हे पडद्यावर किती वेळ दिसणार?" मी संध्याकाळी विचारलं.

"तुझा चहा गार व्हायच्या आत संपेल."

"डोंबल तुझं! आणि काम करायचं पण दिसायचं नाही, हे तर मी लग्न झाल्यापासून करतेय. त्याला कॅमेरा कशाला लागतो?"

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "वहिनी, तुला फारच राग आला तर तू स्टँडवर जाऊन एसटी धरशील आणि माहेरी जाशील. दादा मग आणायला येईल, तू चार दिवस आढेवेढे घेशील. तिला कुठली एसटी होती?" मला एकदम लाज वाटली. खरंच होतं ते. मी कितीही कुरकुरले तरी मला न्यायला येणारं माणूस होतं आणि परतायला घर होतं.

पण त्या चार-पाच दिवसांत मला काहीतरी व्हायला लागलं हे खरं. दिवसभर ये, कर, नाहीशी हो. ये, कर, नाहीशी हो. रात्री पाठ टेकली की वाटायचं आपण नक्की आहोत ना इथं? एकदा मी बाजूला होऊन पेरूखाली उभी होते, नणंद कॅमेऱ्याला डोळा लावून होती, आणि समोर ते जातं, भोवती पांढरं पीठ, खुंट्यावर माझ्या हाताचा घाम अजून ओला. कुणी नव्हतं तिथं. तरी मी पदर सावरला, एखाद्या बाईसमोर सावरावा तसा.

शेवटच्या दिवशी आवाज घ्यायचे होते. भर दुपार, चिटपाखरू नाही. सासूबाई पुढच्या खोलीत पंखा लावून पडल्या होत्या. आमचे हे बँकेत. नणंदेनं टेपरेकॉर्डर दाराच्या पायरीवर ठेवला, कानाला हेडफोन लावला आणि मला हातानं खुणावलं की हलायचं नाही. थोडा वेळ नुसती शांतताच घेतली. मग तिनं हळूच हेडफोन खाली केला आणि मला म्हणाली, "वहिनी, मी मारणार हाक."

"नको गं बाई."

"एकदाच. खरंच ओ येते का बघू."

"आईंना कळलं तर तुला घराबाहेर काढतील."

तिनं ऐकलं नाही. बुटक्या चौकटीत वाकून उभी राहिली आणि तिनं माझ्या नावानं हाक मारली, सासरच्या. मी तिच्या मागंच उभी होते. आम्ही वाट बघितली. पेरूवर एक पान हललं नाही. ओ नाही, काही नाही. तिनं पुन्हा हाक मारली. काही नाही.

"बघ," ती म्हणाली, "सगळं मनाचं." मला बरं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं वाईटही वाटलं. मग फिल्मला हव्यात म्हणून तिनं दोन टाळ्या वाजवल्या आणि जराशानं मशीन बंद केलं.

संध्याकाळी गच्चीवर बसून ती टेप ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं मला जवळ ओढलं आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. शांतता. माझं नाव. शांतता. माझं नाव. शांतता. "बघ, सगळं मनाचं." मग दोन टाळ्या. आणि टाळ्यांच्या पाठोपाठ, लांबून, अगदी बारीक, एखाद्या पोरीचा असावा तसा आवाज: "ओ... आले."

मी हेडफोन काढून फेकलाच. "तूच बोललीस," मी म्हटलं. "मी? माझं तोंड मशीनजवळ होतं, माझा आवाज असा लांबून कसा येईल?" "मग मी तर नाही बोलले!" "मला माहितीय तू नाही बोललीस. मी तुझ्याकडंच बघत होते." आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून गच्चीवर बसून राहिलो. खाली सासूबाई कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या.

नणंदेच्या पोटात काही राहत नाही. जेवणं झाल्यावर तिनं आईला सगळं सांगून टाकलं, टेपसुद्धा ऐकवली. मी स्वयंपाकघरात ओट्याला घट्ट धरून उभी. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. मग त्या जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही.

"दुष्काळातली होती. माझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलेलं, त्यांना त्यांच्या. लहान पोर होती म्हणे. कुठल्या मुलखातली, कोण जाणे. तिची बोली इथं कुणाला समजेना, इथली तिला समजेना. आणली त्या दिवशी ती छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगत होती. सारखं सांगत होती, रडत रडत. पण ते कुणाला म्हणता येईना. दोन दिवस प्रयत्न केला असेल नसेल, मग कोण बसतंय? टाळी वाजवायची. टाळी वाजली की यायचं, एवढं तिला कळलं. जन्मभर टाळीवर आली ती. ती गेल्यावर कधीतरी कुणी सुनेला दारातून नावानं हाक मारली आणि ओ भलत्याच आवाजात आली. तेव्हापासून नाव बंद केलं. ती येऊ नये म्हणून."

नणंद हळूच म्हणाली, "पण आई, नावाला ती कशी येईल? तिला नाव कुठं दिलं होतं कुणी? ती यायची ती टाळीलाच ना?"

सासूबाईंचा चेहरा बघवेना. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या घरातल्या बायका तिला चुकवायला जी टाळी वाजवत होत्या, तीच तिची हाक होती. रोज, दिवसातून कितीदा, आम्ही तिला कामाला बोलावत होतो, मेल्यावरसुद्धा. सासूबाईंनी मांडीवरचे आपले हात उलटे केले आणि तळव्यांकडं बघत राहिल्या.

आणि मग भडकल्या. माणूस घाबरलं की भडकतं तशा. "हे बाहेर कुणाला दाखवायचं नाही! लोक काय म्हणतील? बायका विकत आणणारं घर? मी लोकांत तोंड कसं दाखवू?"

"आई, मी दाखवणार."

"मग या घरात पाऊल टाकायचं नाही. मागल्या दारानंसुद्धा नाही!"

"निदान तो आवाज तरी घेऊ दे फिल्ममध्ये..."

"तो आवाज तुझा नाही. तिच्याकडून सगळं घेतलं या घरानं, आता तो पण विकणार तू?"

नणंद सकाळच्या पहिल्या गाडीनं गेली. पिशवीत मी पोळ्या बांधून दिल्या. मला वाटलं होतं, सासूबाई शेवटच्या क्षणी बाहेर येतील. त्या देवघरात बसून राहिल्या.

त्यानंतर घराला अवकळा आली. नणंद पावसाळ्यात आली नाही, गणपतीत आली नाही. सासूबाईंनी तिचं नाव काढणं सोडलं. आणि टाळी वाजवणंही. मला बोलवायचं असलं तर स्वतः चालत यायच्या, नाहीतर "अगं ए" म्हणायच्या. एखाद्या वेळी विसरून हात जवळ यायचे आणि मध्येच थांबायचे. मागल्या दाराला उभं राहायला मला नको वाटायचं. कुणी दिसायचं म्हणून नाही. कुणीतरी टाळीची वाट बघत उभं आहे असं वाटायचं म्हणून. सर्वपित्रीला पान ठेवलं तर टाळी वाजवायची की नाही हे कुणालाच सुचेना. शेवटी पान तसंच ठेवून आम्ही आत आलो, आणि ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं, कावळासुद्धा शिवला नाही. दिवाळीत सासूबाईंनी चकल्यांचा एक डबा वेगळा काढून ठेवला. तुळशीच्या लग्नापर्यंत तो तसाच होता. मग म्हणाल्या, "मऊ पडल्या. टाकून दे." मी टाकल्या नाहीत. मी न्हाणीघरात जाऊन रडले आणि मग एकेक करत मीच खाल्ल्या.

सासूबाईंचं माहेर सांगलीचं. थंडीत त्यांच्या भावाचा, म्हणजे मामांचा, निरोप आला की भाचीची फिल्म इथं दाखवणार आहेत, चांगले सिनेमे बघणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे त्यांच्यातर्फे. सासूबाई म्हणाल्या, "मला काही बघायची नाही. पण दादाला भेटून लय दिवस झाले." माझा "लय" त्यांच्या तोंडात! मी एरवी चिडवलं असतं. तेव्हा नुसती बॅग भरली.

रविवारची सकाळ होती. शाळेचा हॉल, खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केलेला, तरी फटींतून उन्हाच्या रेघा येत होत्या. माणसं असतील पंचवीस-तीस. दोघं-तिघं प्राध्यापक, कॉलेजची पोरं, आणि काहीच कळलं नाही तरी शेवटपर्यंत बसणारी अशी एक-दोन म्हातारी माणसं. नणंद मागं प्रोजेक्टरपाशी होती. तिनं आईला आत येताना बघितलं. बघून ती जागची हलली नाही. सासूबाईही तिच्याकडं न बघता दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. मी शेजारी.

दिवे गेले. पडद्यावर आमचं परस आलं, काळंपांढरं. आणि जातं फिरायला लागलं. मी ते केलं होतं, माझ्या हातांनी केलं होतं, तरी मी खुर्चीत मागं सरकले. खुंटा आपला आपण फिरतोय, पीठ पडतंय, वाढतंय, आणि तिथं कुणी नाही. केरसुणी उभी राहिली, परस झाडून आडवी झाली. बादली दारापर्यंत सरकत गेली. आवाज फक्त घरघरीचा. हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मला वाटलं, ही सगळी माणसं तिला बघतायत. दिसत नसताना बघतायत.

मग सगळं थांबलं आणि पडद्यावर नुसतं मागलं दार उरलं. बाहेरून घेतलेलं, आतला अंधार, बुटकी चौकट, पायरी. कितीतरी वेळ नुसतं दार. मग दोन टाळ्या वाजल्या.

पुढं काय येणार ते मला माहीत होतं. मी साडीचा काठ मुठीत धरून बसले. पण आलं नाही. नणंदेनं ते कापलं होतं. आईनं सांगितलेलं तेवढं पाळलं होतं पोरीनं. तिथं नुसती शांतता होती, त्या आवाजाएवढी. पुन्हा दोन टाळ्या. पुन्हा शांतता. कुणी येत नाही. पुन्हा दोन टाळ्या.

"ओ... आले!"

तोच आवाज. बारीक, पोरीचा. आणि तो आवाज माझ्या शेजारून आला होता. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. डोळे पडद्यावर, पदर सावरत, झोपेतून उठल्यासारख्या. त्या दुपारी त्या पुढच्या खोलीत पंख्याखाली झोपल्या होत्या. तेव्हाही अशाच उठल्या असणार, ओ दिली असणार, आणि पुन्हा पडल्या असणार. त्यांना ठाऊकही नव्हतं. त्यांच्या सासूबाईंनी वाजवलेल्या टाळ्यांवर त्या चाळीस वर्षांपूर्वी ज्या आवाजात उठायच्या, तोच हा आवाज होता.

प्रोजेक्टरचा झोत त्यांच्यावर पडला आणि त्यांची सावली पडद्यावर गेली. रिकाम्या दारात, पायरीवर, बरोबर मधोमध. कुणीतरी आल्यासारखी.

मागून प्रोजेक्टरवाला ओरडला, "ओ मावशी, बसा की खाली! सावली पडतीया पडद्यावर."

"राहू दे," नणंदेचा आवाज आला. "राहू दे त्यांना."

मी त्यांचा हात खाली ओढला. त्या बसल्या नाहीत. आपण कुठं आहोत हे त्यांना तोपर्यंत कळलं होतं. त्या आपल्या सावलीकडं बघत होत्या. हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग सासूबाई बोलल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, पण सावलीशी. "बाई, आम्हाला तुझं नाव म्हणता आलं नाही गं. तू सांगत होतीस. आमची जीभ वळली नाही, आम्ही वळवली नाही." आणि मग मागं तोंड करून, "आता पुरे कर गं टाळ्या. आली म्हणावं ती. बसू दे तिला."

नणंदेनं प्रोजेक्टर बंद केला. घोंगड्या काढल्या, ऊन आत आलं, आणि मी बघितलं की पोरगी उभ्या उभ्या ढसाढसा रडत होती. तिची आई तिच्याकडं गेली आणि एवढंच म्हणाली, "वाळलीस किती. जेवत नाहीस का?"

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही तिघी साताऱ्याला निघालो. कऱ्हाडच्या पुढं नणंद आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मधेच मला म्हणाल्या, "मला नाव होतं, ते या घरानं बदललं. राग आला होता. पण होतं तरी. तिचं कुणी ऐकूनच घेतलं नाही." म्हणूनच मी या लिखाणात कुणाचं नाव घेतलेलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुझं माहेरचं नाव काय होतं गं?"

लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं आणि पुन्हा खिडकीकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात धुणं पिळत होते. मागल्या दारातून सासूबाईंनी कुणालातरी हाक मारली. नावानं, चांगली खणखणीत. मी पिळत राहिले. पुन्हा तीच हाक आली. कुणाला बोलावतायत म्हणून मी मागं वळून बघितलं. परसात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.